बेड आहे की नाही? बातमीतला आकडा वाचायला शिकूया



या पानावर आपण दर वेळी हिशेबाचा नाहीतर एखाद्या योजनेचा अभ्यास घेतो. या वेळीही हिशेबच आहे, पण तो दवाखान्यातल्या खाटांचा. सचिव ताईंनी हा लेख बैठकीत मोठ्याने वाचावा. जिथे बायकांना बोलायचं असेल तिथे थांबावं. एका बैठकीत नाही संपला तर उरलेला पुढच्या बैठकीला घ्या. २०२१ मध्ये तिसरी लाट येणार की नाही यावर टीव्हीवर रोज वाद चालायचा. पुन्हा लाट येवो न येवो, एप्रिल २०२१ मध्ये आपलं काय चुकलं ते आत्ताच बघून ठेवलेलं बरं.

त्या महिन्यात आपल्या भागातल्या दोन घरांत जे झालं ते आधी सांगते. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही, कारण दोन्ही घरं आपल्या गटांतलीच आहेत.

पहिलं घर. कर्ता पुरुष, वय पन्नाशीच्या आत. पाच दिवस ताप. आशाताई दोनदा येऊन गेल्या, चाचणी करा म्हणाल्या. तो म्हणाला, "हे सगळं टीव्हीवाल्यांचं नाटक आहे. मी परवाच तालुक्याला गेलतो. सरकारी दवाखान्यापुढं चिटपाखरू नव्हतं. आन् रात्री बातम्यांत म्हणे दवाखाने फुल्ल." त्याने स्वतःच्या डोळ्यांनी मोकळं आवार पाहिलं होतं, त्यामुळे घरातलं कोणी त्याच्याशी वाद घालू शकलं नाही. सातव्या दिवशी बोलता बोलता धाप लागायला लागली. आठव्या दिवशी नेलं तेव्हा ऑक्सिजनची पातळी ७० च्या खाली होती. तो परत आला नाही.

दुसरं घर. सासूबाई, साठी ओलांडलेल्या. या घराचा बातमीवर पुरता विश्वास होता. दिवसभर टीव्ही चालू, एका रिक्षात ऑक्सिजन लावलेली बाई, एका दवाखान्याच्या दारात बसलेला मुलगा, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. सासूबाईंना धाप लागली तेव्हा घरातल्यांनी ठरवलं, "नेऊन काय करायचं? कुठंच बेड नाही. म्हातारीला गाडीत फिरवत मारायचं का?" दोन दिवसांनी त्या घरातच गेल्या. त्याच दोन दिवसांत आपल्या ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनच्या तीन खाटा रिकाम्या होत्या. सूनबाई आपल्या एका गटाची कोषाध्यक्ष आहे. दहाव्याला आलेल्या कोणीतरी तिला हे सांगितलं. ती मला म्हणाली, "ताई, मला तवा कुणी सांगितलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मी स्वतः एकदाही रुग्णालयात फोन करून विचारलं नव्हतं. मीही टीव्हीच बघत होते.

एका घराने बातमी खोटी मानली, दुसऱ्या घराने ती आपल्यालाही लागू आहे असं मानलं. विचारून मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

आवार मोकळं, वॉर्ड भरलेला

पहिल्या घरातल्या दादांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. दवाखान्यापुढे खरंच गर्दी नव्हती. एरवी सरकारी दवाखान्यात गर्दी कशाची असते, आठवून बघा. केसपेपरची रांग, लहान मुलांची लसीकरणं, गरोदर बायांची तपासणी, पेशंटला डबा घेऊन आलेले चार-चार नातेवाईक. करोनाच्या काळात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. टाळता येणारी ऑपरेशनं पुढे ढकलली होती. साध्या आजाराची माणसं तर भीतीने दवाखान्याकडे फिरकतच नव्हती. त्यामुळे बाहेरचं आवार ओस आणि आतला एक वॉर्ड मात्र ठासून भरलेला, अशी स्थिती होती. आत जाता येत नसल्यामुळे ती बाहेरच्याला दिसत नव्हती.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. मार्च २०२० च्या शेवटी अमेरिकेत काही लोक मोबाईल घेऊन दवाखान्यांपुढे गेले, रिकाम्या पार्किंगचे आणि मोकळ्या स्वागतकक्षांचे व्हिडिओ काढले आणि "बघा, दवाखाने रिकामे आहेत, बातम्या खोट्या आहेत" म्हणून पसरवले. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये अतिदक्षता विभागात जागा पुरत नव्हती. शिकलेल्या, श्रीमंत देशातल्या लोकांची जी समजूत झाली, तीच आपल्या गावातल्या माणसाची झाली. म्हणून त्याला अडाणी म्हणून मोकळं होऊ नका.

बरं, बातम्यांवरचा विश्वास उडायला कारणंही होती. त्याच मार्च महिन्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहिनीने न्यूयॉर्कच्या बातमीत इटलीतल्या रुग्णालयाचं दृश्य दाखवलं. नंतर चूक झाली म्हणून कबूल केलं, पण ज्यांना संशय होता त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. आपल्या वाहिन्याही एकच रुग्णवाहिका दिवसभर फिरवत होत्या, खाली लाल पट्टीत "हाहाकार" असं लिहून. कोणता दवाखाना, कोणत्या दिवशीचं दृश्य, काही पत्ता नाही.

त्यात पैशाचा संशय. "एका पॉझिटिव्ह पेशंटमागं दवाखान्याला सरकारकडून दीड लाख मिळतात" ही अफवा तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. ती खोटी होती, असे पैसे कोणी देत नव्हतं. पण ती का पटली? कारण बिलांचा अनुभव खरा होता. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते. साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. तरीही औषधं, पीपीई किट, तपासण्या असं करत काहींच्या हातात लाखांची बिलं पडली. ज्याने असं बिल भरलंय, त्याला दीड लाखाची अफवा सांगितली तर तो हसून सोडणार नाही. संशयाला अनुभवाचा आधार होता, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला.

आणि काही बातम्या खऱ्या असूनही त्यांनी माणसाला घरी बसवलं. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. हे ऐकल्यावर "दवाखान्यात मरण्यापेक्षा घरी बरं" असं वाटणं साहजिक होतं. मीही त्या दिवशी असंच म्हटलं होतं.

खाट म्हणजे नक्की काय?

आता हिशेबाकडे येऊ. बातमी अशी येते: "जिल्ह्यात इतक्या हजार खाटांपैकी इतक्या रिकाम्या." आपल्याला वाटतं सगळ्या खाटा सारख्या. तसं नव्हतं. एप्रिल २०२० पासून सरकारने करोनाच्या दवाखान्यांचे तीन प्रकार केले होते.

कोविड केअर सेंटर म्हणजे लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य लक्षणं असलेल्या माणसाला वेगळं ठेवायची जागा. आश्रमशाळा, वसतिगृह, मंगल कार्यालय, तिथे गाद्या टाकून केलेलं. जेवण, गोळ्या, दोनदा तपासणी. बहुतेक ठिकाणी ऑक्सिजन नव्हता. त्यावरचं कोविड हेल्थ सेंटर, तिथे ऑक्सिजनची खाट. आणि सगळ्यात वरचं डेडिकेटेड कोविड हॉस्पिटल, तिथे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर.

जिल्ह्याचा आकडा सांगताना बऱ्याचदा तिन्हींची बेरीज सांगितली जायची. म्हणजे वसतिगृहातल्या पाचशे गाद्या रिकाम्या असल्या तरी "पाचशे बेड उपलब्ध" अशी बातमी व्हायची. आणि त्याच संध्याकाळी धाप लागलेल्या बाईला घेऊन चार दवाखाने फिरणारा माणूस म्हणायचा, "साफ खोटं छापतात." दोघेही आपल्या जागी बरोबर होते. छापणाऱ्याने फक्त कोणती खाट ते लिहिलं नव्हतं.

पुढची गोष्ट ऑक्सिजनची. हा हिशेब वहीत मांडून बघा, चौथी शिकलेल्या ताईलाही जमेल. मोठ्या सिलिंडरला जंबो म्हणतात. त्यात साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. एका पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तासाला ६०० लिटर. म्हणजे एक जंबो सिलिंडर बारा तासही पुरत नाही. दिवसाला एका पेशंटला दोन सिलिंडर धरा. असे दहा पेशंट असतील तर वीस सिलिंडर. आता त्यात एखादा जास्त आजारी पेशंट आला, ज्याला नाकावाटे जोरात ऑक्सिजन द्यावा लागतो, मिनिटाला ६० लिटर. त्या एकट्याला सहा पेशंटांचा ऑक्सिजन लागतो. जंबो सिलिंडर दोन तासांत संपतो.

म्हणून सकाळी "ऑक्सिजनच्या पाच खाटा रिकाम्या" म्हणणारा दवाखाना दुपारी "आम्ही नवीन पेशंट घेत नाही" म्हणू शकतो. खाट तिथेच असते, गादी तीच, चादर तीच. सिलिंडरची गाडी आलेली नसते. त्या महिन्यात राज्यात रोज साधारण १,२५० टन ऑक्सिजन तयार होत होता आणि मागणी त्याच्या वर गेली होती. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले, ते भरून परत यायला चार-पाच दिवस लागले. गाडी कुठे अडकली यावर आपल्या तालुक्यातली खाट चालू की बंद हे ठरत होतं.

आणि तिसरी गोष्ट माणसांची. व्हेंटिलेटर हे यंत्र आहे, पिठाच्या गिरणीसारखं बटण दाबून सोडून देता येत नाही. त्यावरच्या पेशंटजवळ एक शिकलेली सिस्टर सतत लागते, तीन पाळ्यांत. लंडनचं उदाहरण ऐकण्यासारखं आहे. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला तिथे एका मोठ्या प्रदर्शनाच्या जागेत थोड्या दिवसांत तात्पुरतं रुग्णालय उभारलं. ४,००० खाटांपर्यंत वाढवता येईल असं जगभर दाखवलं. पहिल्या लाटेत तिथे फक्त ५४ रुग्णांवर उपचार झाले. शहरातल्या नेहमीच्या रुग्णालयांनी आपापल्या जागेत अतिदक्षतेच्या खाटा वाढवल्या हे एक कारण, आणि इतक्या खाटांना पुरतील एवढ्या अतिदक्षतेच्या सिस्टर कुठेच शिल्लक नव्हत्या हे दुसरं. खाटा दाखवणाऱ्याने खोटं दाखवलं नव्हतं. पण खाटांमागे उभी राहणारी माणसं टीव्हीवर दिसत नाहीत.

आपल्या ग्रामीण रुग्णालयाला ३० खाटा मंजूर असतात. त्यातल्या किती खाटांना रात्री दोन वाजता सिस्टर आहे, हा प्रश्न मी तरी त्याआधी कधी विचारला नव्हता.

पासबुकावरची शिल्लक

तुम्ही गटाचं पासबुक भरून आणता. त्यावर समजा ८०,००० शिल्लक दिसते. नवीन आलेली सभासद म्हणते, मग मला ५०,००० कर्ज द्या. तुम्ही काय सांगता? "अगं, ते मागच्या सोमवारचं आहे. त्यानंतर दोघींना कर्ज दिलं, चेक अजून वटायचा आहे." पासबुक खोटं नसतं, ते त्या दिवसाचं असतं. म्हणून तर आपल्या पंचसूत्रीत नोंदी अद्ययावत ठेवणं हे सूत्र आहे.

संगणकावरच्या खाटांचंही तेच. शहरांनी खाटांची माहिती देणारे फलक इंटरनेटवर चालू केले होते, ते वाचून बातम्या व्हायच्या. पण पेशंट घरी गेला की नोंद करायची कोणी? जी सिस्टर सलाईन लावतेय तिनेच. कधी खाट कोणाला तरी दिलेली असायची पण तो पेशंट वाटेत असायचा. कधी उलटं, पेशंट दगावलेला असायचा आणि नोंद व्हायला सकाळ उजाडायची. काही ठिकाणी खाटा ओळखीच्या लोकांसाठी अडवून ठेवल्याच्या तक्रारीही झाल्या, तेही लपवायचं कारण नाही.

मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात करोनाच्या सोयींबद्दल सुनावणी चालू होती. पुणे महापालिकेकडून सांगण्यात आलं की खाटा उपलब्ध आहेत. तेव्हा सुनावणी चालू असतानाच महापालिकेच्या हेल्पलाईनला फोन लावला गेला, पेशंटसाठी व्हेंटिलेटरची खाट हवी म्हणून. पलीकडून उत्तर आलं, नाही. न्यायालयाने जे केलं तेच तुम्हाला मला करता येण्यासारखं होतं. कागदावरचा आकडा ऐकून घेतला आणि एक फोन केला.

मुंबईत जून २०२० पासून प्रत्येक वॉर्डात वॉर रूम केली होती. दवाखान्याच्या दारात जाऊन भांडायचं नाही, वॉर रूमला फोन करायचा, ते खाट ठरवून देणार. ती पद्धत शंभर टक्के चालली असं मी म्हणणार नाही, पण तिथे निदान विचारायला एक जागा होती. गावाकडच्या माणसाला कोणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं. म्हणून त्याने टीव्हीला विचारलं. आणि टीव्हीने त्याला मुंबई-पुण्याचं उत्तर दिलं.

बातमी कुठली आणि आपण कुठले

वाहिन्यांची ऑफिसं मोठ्या शहरांत असतात, कॅमेरेही तिथेच. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,००० च्या वर नवे रुग्ण सापडले. हा आकडा खरा होता आणि भयंकर होता. पण तो अख्ख्या राज्याचा होता. त्या दिवशी एका तालुक्यात खाट नव्हती आणि शेजारच्या तालुक्यात होती, असं होत होतं. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात तिथल्या प्रशासनाने पहिली लाट ओसरत असतानाच हवेतून ऑक्सिजन तयार करणारी यंत्रं बसवून घेतली होती. राज्यभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती तेव्हा त्यांना त्याचा उपयोग झाला. आपण ज्यांना मागास म्हणतो तिथलं चित्र शहरापेक्षा वेगळं होतं. "महाराष्ट्रात बेड नाहीत" या एका ओळीत ते कसं मावणार?

दुसऱ्या घरातल्या सासूबाईंच्या बाबतीत हेच झालं. टीव्हीवरचा दवाखाना तीनशे किलोमीटरवर होता. आपलं ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटरवर.

चांगली बातमी ओळखायची कशी, असं मला मागच्या प्रशिक्षणात एका ताईने विचारलं. सोपी परीक्षा आहे. त्या बातमीत दवाखान्याचं नाव आहे का? खाट कोणती ते लिहिलंय का, साधी, ऑक्सिजनची की अतिदक्षतेची? माहिती कधीची आणि कोणी दिली ते आहे का? आपल्या तालुक्याचे काही वार्ताहर असं नीट लिहीत होते. आतल्या पानावर छोट्या चौकटीत छापून यायचं, "काल संध्याकाळी सहापर्यंत ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनच्या इतक्या खाटा, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेली माहिती." ना हाहाकार, ना लाल पट्टी. म्हणून कोणी वाचलं नाही. सगळे पत्रकार सारखेच म्हणून पेपर बांधून रद्दीत टाकला तर ही चौकटही त्यात जाते.

मोबाईलचंही सांगते. ज्या निरोपावर दोन बाण एकत्र दिसतात आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असं लिहिलेलं असतं, तो निदान पाच हातांतून आलेला असतो. एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲपने असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं करून ठेवलंय, ते उगाच नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या प्रभागसंघाच्या ग्रुपवर खाटा असलेल्या दवाखान्यांची यादी फिरत होती. खाली "लगेच पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल". मीही पाठवली. नंतर त्यातले पाच नंबर लावून पाहिले. दोन बंद, एक भलत्याच माणसाचा, एक उचलला नाही. पाचव्याने सांगितलं, "बाई, ही यादी आठ दिवसांपूर्वीची आहे." पाठवायच्या आधी लावायला पाहिजे होते.

फोनवर काय विचारायचं

"बेड आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर "आहे" येवो की "नाही", दोन्ही कामाचं नाही. असं विचारा: "पेशंटचं वय इतकं, ऑक्सिजनची पातळी ८८ आहे. ऑक्सिजनची खाट आत्ता रिकामी आहे का? आज रात्री पुरेल एवढा ऑक्सिजन आहे का? आम्ही तासाभरात पोचलो तर घ्याल का? नसेल तर तुम्ही कुठे पाठवाल?" शेवटचा प्रश्न विसरू नका. दवाखान्यातल्या माणसाला शेजारच्या दवाखान्याची स्थिती आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. जो बोलला त्याचं नाव आणि वेळ वहीत लिहा. नाव विचारलं की माणूस जरा जपून उत्तर देतो, हा माझा अनुभव आहे.

विचारायचं कोणाला? आधी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, दोन्ही फोन फुकट आहेत.

पण एक गोष्ट नीट ऐका, इथे चूक नको. फोनाफोनी कधी करत बसायची आणि कधी नाही, हे पेशंटकडे बघून ठरतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९४ किंवा जास्त असेल आणि धाप नसेल तर आशाताईंच्या सल्ल्याने पुढचं ठरवायला वेळ आहे. ९० ते ९३ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ९० च्या खाली असेल, ओठ निळे पडत असतील, माणूस एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, तर १०८ लावा आणि निघा. बेड मिळाला तरच जाऊ असं म्हणत थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचलात तर निदान ऑक्सिजन लावून पुढे पाठवता येतं. बाकीचे फोन दुसऱ्या कोणीतरी मागून करावेत. इथेच गट कामाला येतो, घरातल्या बाईला त्या वेळी फोन धरायला हात मोकळे नसतात.

ऑक्सिमीटर लावताना नखावर नेलपॉलिश असेल तर काढा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा, नाहीतर आकडा चुकतो. आकडा स्थिर व्हायला थोडं थांबावं लागतं. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत सप्टेंबर २०२० मध्ये आशाताई आपल्या घरोघर ऑक्सिमीटर घेऊन आल्या होत्या, तेव्हा आपण कितीजणींनी तो वाचायला शिकून घेतला? मी विचारलं तेव्हा एका गटात बारापैकी दोघींनी हात वर केले.

या महिन्याचं काम

प्रत्येक ग्रामसंघाने एक कागद तयार करायचा. मोठा कार्डशीट घ्या, चार रकाने आखा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, आणि जवळचं एक खाजगी. प्रत्येकाखाली लिहायचं: फोन नंबर (लावून बघितलेला), मंजूर खाटा, त्यातल्या ऑक्सिजनच्या किती, ऑक्सिजन सिलिंडरचा की तिथेच तयार होतो, व्हेंटिलेटर आहेत का आणि ते चालवणारं माणूस आहे का, रात्रपाळीला सिस्टर किती, गावापासून अंतर आणि गाडीभाडं. खाजगी असेल तर दरपत्रक लावलेलं आहे का तेही बघा.

ही माहिती मागायला दोघी-तिघींनी मिळून जायचं, सोबत ग्रामसंघाचं पत्र घ्यायचं. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिथे आपल्या गटाची बाई सदस्य आहे का ते बघा. असेल तर तिने बैठकीत हेच प्रश्न विचारून उत्तर नोंदवहीत लिहून घ्यावं. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, त्याचा नमुना प्रभागसंघाच्या ऑफिसात ठेवला आहे. भांडायला जाऊ नका. त्या सिस्टरनेही एप्रिलमध्ये बरंच सोसलंय.

कागदावर तारीख घालायला विसरू नका. दर दोन महिन्यांनी खाडाखोड करून पुन्हा लिहायचा.

बैठकीत बोलायला काही प्रश्न देते. एप्रिलमध्ये तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तेव्हा दवाखान्यात न्यायचं की नाही हे कोणी ठरवलं, आणि कशाच्या आधारावर? तुम्ही पुढे पाठवलेला एखादा निरोप नंतर खोटा निघाला का? तो खोटा होता असं ग्रुपवर परत कळवलंत का?

ती कोषाध्यक्ष ताई, जिने मला विचारलं होतं, तिने आपल्या गावाचा कागद सगळ्यांच्या आधी भरून आणला. तीन रकाने पूर्ण आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या रकान्यात मंजूर खाटा ३०, अंतर १४ किलोमीटर, फोन नंबर लावून बघितलेला. रात्रपाळीच्या सिस्टरपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलंय, कारण दोनदा जाऊनही तिला कोणी सांगितलं नाही. सोमवारी ती तिसऱ्यांदा जाणार आहे, या वेळी ग्रामसंघाचं पत्र आणि दोन शेजारणी घेऊन.